शेवटच्या पानावरचे मरण

गुरुवारी दुपारी माझी पत्नी वारली. शुक्रवारी सकाळी आम्ही तिला पुरले. रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब पडवीत येऊन बसले आणि त्यांनी विचारले, "मास्तर, बाई शेवटी काय बोलल्या?"

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हा प्रश्न विचारतात. इतर घरी माणूस गेले की दुखणे काय होते, औषध कोणाचे होते, असे विचारतात. आमच्यात तेही विचारतात, पण त्यानंतर हा प्रश्न येतोच. मिळालेले उत्तर मंडळीच्या मासिकात छापायला जाते. कोणी प्रभूचे नाव घेतले, कोणी गीताची ओळ म्हटली, कोणी हात वर करून 'मी येतो' म्हटले, अशी वाक्ये त्या मासिकात दर महिन्याला असतात. रत्नागिरीत आमची घरे मोजकी. आपली माणसे नीट मेली, हे आम्हाला एकमेकांना सांगावे लागते.

पत्नी शेवटी काय बोलली ते मला माहीत होते. मी तिच्या उशाशी बसलो होतो. विषमज्वराचा तिसरा आठवडा होता. त्या सकाळी तिला चांगली शुद्ध आली. ती म्हणाली, "मागच्या दाराला कडी घाला. कोंबड्या आत येतील. तांदूळ उघडाच आहे." मी उठून कडी घातली. परत आलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. दुपारपर्यंत श्वास चालला होता. मग थांबला.

हे मी पाळकसाहेबांना सांगितले नाही. "लिहून देतो," एवढेच म्हणालो.

"सावकाश द्या," ते म्हणाले. "पावसामुळे बोटी बंद आहेत. टपाल घाटावरून जातंय. पंधरा तारखेपर्यंत मिळालं तरी पुढच्या अंकात येईल."

लिहिणे हे माझ्यासारख्याला अवघड जायला नको होते. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. सन वीसनंतर, आणि पेन्शनीत निघाल्यावर तर रोजच, मी मुंबईच्या एका ख्रिस्ती पुस्तकमंडळासाठी हस्तलिखिते वाचत असे. बोधपर कादंबऱ्या, धर्मात आलेल्यांची चरित्रे, कुटुंबात मोठ्याने वाचायच्या गोष्टी. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की मेणकापडात बांधलेला गठ्ठा बंदरावर उतरायचा. मी तांबड्या पेन्सिलीने मराठी सुधारायचो आणि शेवटी एक कागद जोडायचो. छापावे की छापू नये, आणि का, ते त्यावर लिहायचे असे.

इतकी वर्षे ही पुस्तके वाचून माझी काही मते झाली आहेत. ती त्या कागदांवर मावली नाहीत.

बरीचशी पुस्तके इंग्रजीवरून केलेली असत. करणारा गोष्टीतल्या मुलीचे नाव बदलतो, तिला लुगडे नेसवतो, आणि तिसऱ्या प्रकरणात ती बर्फात वाट चुकते. एका गृहस्थांना मी कळवले होते की मुलीला हरवायचेच असेल तर आमच्याकडे धुके आहे, उघडा कातळ आहे, खाडीची भरती आहे. त्यांचे उत्तर आले की बर्फ काढला तर मुलीच्या श्रद्धेची परीक्षा होत नाही. मुलगी बर्फातच राहिली.

वादळाचेही तसेच. या पुस्तकांत पापी माणूस होडीत बसला की वादळ उठते आणि तो गुडघे टेकतो. भाट्याच्या खाडीवर मी नोकरीभर तरीच्या होडीने ये-जा केली. होडीत व्याजखाऊ माणसे असत, दारू प्यालेली असत, एकदा खुनाच्या खटल्यात जामिनावर सुटलेला एक इसम माझ्या शेजारी बसून पान खात होता. होडी वेळेवर पलीकडे लागली.

आणि हिंदू सासू, हिंदू आई. पुस्तकात ती छळतेच. माझी आई हिंदूच राहिली. मी बाप्तिस्मा घेतल्यावर तिने मला कधी स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. माझे पान पडवीत वाढायची. त्या पानावर माशाचा मधला तुकडा असायचा, जो घरात दुसऱ्या कोणाला मिळत नसे. एका अभिप्रायात मी हे लिहिले होते. त्याचे उत्तर आले नाही.

मी ही हस्तलिखिते संध्याकाळी मोठ्याने वाचत असे. पत्नी समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. ती आणि तिची थोरली बहीण दोघी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात वाढल्या. पत्नीचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. आम्हाला मूल नव्हते, त्यामुळे हा वेळ आमचाच असे.

"ही बाई जेवते कधी हो?" एकदा तिने विचारले.

"कोण बाई?"

"तुमची ती विधवा. पहिल्या पानापासून प्रार्थनाच करतेय. चार पोरं आहेत म्हणता. चूल कोण पेटवतं?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्टीतल्या पोरांना भूक नसते होय?"

मी अभिप्रायात लिहिले, 'विधवेच्या घरातील नित्याचे व्यवहार अधिक यावेत.' मुंबईहून कळवण्यात आले की माझ्या सूचना फार उपयुक्त असतात. पुढच्या वाचनाच्या वेळी मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, पगार मला पाठवा."

इतक्या वर्षांत एक हस्तलिखित मला मनापासून चांगले वाटले. मिशनच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेने लिहिले होते. त्यातली लंगडी बाई पाय बरा व्हावा म्हणून प्रार्थना करते आणि पाय बरा होत नाही. ती काथ्याचे दोर वळून पोट भरते, देवावर रुसलेली असते, आणि दर रविवारी देवळात येऊन शेवटच्या बाकावर बसते. गोष्ट तिथेच संपते. पत्नीने सूप खाली ठेवले. "ही बाई खरी आहे," ती म्हणाली. मी 'अवश्य छापावे' असे लिहिले. हस्तलिखित परत आले. वाचकाला धीर देणारा शेवट त्यात नाही, असा शेरा होता. मला त्या सगळ्या गठ्ठ्यांमधून धीर मिळाला असेल तर त्या एका गोष्टीतून.

तरी मीही शेरा मारणाऱ्यांतलाच होतो. खेडकडच्या एका वृद्ध उपदेशकाचे चरित्र त्याच्या मुलाने लिहिले होते. साधे, खरे पुस्तक. शेवटच्या पानावर म्हातारा पेजेचा वाडगा बाजूला सारून म्हणतो, "हिच्यात मीठ नाही," आणि तासाभराने जातो. मी ते वाक्य खोडले. त्या जागी लिहिले, 'हे पित्या, माझी चाकरी संपली, आता मला तुझ्या घरी ने.' पुस्तक तसेच छापले गेले आणि पुष्कळ खपले.

पुस्तक निघाल्यावर तो मुलगा खेडहून मोटारीने आला. पन्नाशीचा माणूस, माझ्यासारखाच शाळामास्तर.

"मास्तर, बाबा तसं बोललेच नव्हते."

"ठाऊक आहे. पण पुस्तकाला शेवट लागतो."

"शेवट होता की. मी लिहिला होता."

"मिठाचा?"

"मीठ घालायला मीच विसरलो होतो," तो म्हणाला. "म्हणून लिहिलं होतं."

मी त्याला सामान्य वाचकाबद्दल काहीतरी सांगितले. त्याने चहा घेतला आणि परतीची मोटार चुकेल म्हणून तो उठला. पत्नी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "त्याला जेवायला ठेवून घ्यायचं होतं." त्या दिवशी ती माझ्याशी एवढेच बोलली.

आता माझ्या घरचे शेवटचे पान माझ्यासमोर आले होते.

सोमवारी तिची बहीण आली. ती बायबलबाई आहे. खांद्याला पिशवी लावून गावोगाव बायकांत जाते, गोष्टी सांगते, आजाऱ्यांजवळ बसते. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणतो. खेडच्या मिठाची हकीकत पत्नीने तिला सांगितली होती.

"पाळकसाहेब सांगत होते, तुम्ही काही दिलं नाहीत."

"देणार आहे. ती कडीबद्दल बोलली, आक्का."

"मला सांगितलंत तुम्ही. पण ते काय छापायचं असतं?"

"का नाही?"

"आपल्यामागे लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? धर्म सोडून गेली, आणि मरताना तोंडात कोण, तर कोंबड्या!"

मला हसू आले. तिलाही आले. मग ती रडू लागली आणि मी उठून तिला पाणी आणून दिले.

"मी किती मरणं पाहिली, मास्तर," ती म्हणाली. "गीत म्हणत गेलेलं कोणी पाहिलं नाही. घशाला घरघर लागल्यावर माणूस गीत कुठून म्हणणार? पण मी बाहेर येते तेव्हा ओटीवर बायका बसलेल्या असतात. त्यांनाही कधीतरी मरायचंय. त्या माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना मी काय सांगू? मीठ आणि कडी?"

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेऊन खाली ठेवला.

"तिचा विश्वास होता की नव्हता?" आक्काने विचारले.

"होता."

"मग एक ओळ घाला. म्हणाली नसेल, पण म्हणाली असती."

"तिने हे वाचलं असतं तर विचारलं असतं, बायको गीत म्हणतेय आणि हा नुसता ऐकत बसलाय, तिला पाणी कोण देतंय?"

"पुरे हो," आक्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसून निघून गेली.

तिचे म्हणणे मला टाकवले नाही. त्या दुपारी मी लिहायला बसलो. ओळ लगेच सुचली. इतक्या वर्षांची सवय होती. पत्नीने माझा हात धरला आणि ती म्हणाली, अशी सुरुवात करून मी तिच्या तोंडी एक वाक्य घातले. चांगले वाक्य होते. कोणी मला अभिप्रायासाठी पाठवले असते तर मी त्याला हात लावला नसता. कागद घडी करून मी पुस्तकात ठेवला. बुधवारी पाळकसाहेबांकडे जायचे ठरवले.

बुधवारी सकाळी अंगणात तोंड धूत असताना मला ती शेवटची सकाळ आठवली. आठवणीत तिने माझा हात धरला होता आणि ती मी लिहिलेले वाक्य बोलत होती.

मी तसाच उभा राहिलो. तिचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. कडी, कोंबड्या, तांदूळ, शब्द आठवले, पण आवाज दुसऱ्याच बाईचा होता, मी तांबड्या पेन्सिलीने शेकडो वेळा तपासलेल्या त्या बाईचा. दोन दिवसांत हे झाले होते. महिन्याभराने छापील अंक हातात आल्यावर काय राहिले असते, ते मला दिसले. मी घरात गेलो आणि तो कागद चुलीत घातला.

मग दुसरा लिहिला. त्यात चार ओळी होत्या. ती वसतिगृहात वाढली आणि कोणत्या वर्षी लग्न झाले, ही पहिली. मंडळीच्या जेवणावळींचा भात तिने किती वर्षे शिजवला, ही दुसरी. आजारपण आणि मरण, ही तिसरी. शेवटच्या सकाळी तिने मागच्या दाराला कडी घालायला सांगितले, कारण तांदूळ उघडा होता, ही चौथी.

पाळकसाहेबांनी कागद दोनदा वाचला.

"मास्तर, हे छापायचं?"

"असंच झालं."

"लोक हसतील हो."

"हसू देत. तिला चाललं असतं."

त्यांनी कागद पाकिटात घातला. ते चांगले गृहस्थ आहेत. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

बोटी सुरू झाल्यावर अंक आला. चौथी ओळ काढलेली होती. इथे काढली की मुंबईला, मी विचारले नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिले, काढलेल्या जागी कोणी काही घातले नव्हते. ज्या कोणाच्या हातात पेन्सिल होती, तो माझ्यापेक्षा बरा वाचक होता.

त्याच आठवड्यात मी खेडला पत्र लिहिले. माफी मागितली. पुस्तकमंडळालाही लिहिले की पुढच्या आवृत्तीत मिठाचे वाक्य परत घालावे आणि माझे काढावे. मंडळाचे उत्तर आले की दुसरी आवृत्ती आधीच छापून झाली आहे. खेडहून कार्ड आले. 'मास्तर, आता राहू द्या,' त्यावर लिहिले होते. 'माझ्या मुलांना आजोबांचे शेवटचे वाक्य म्हणून तेच पाठ आहे. मीही सांगताना कधीकधी तेच सांगतो.'

ते कार्ड वाचल्यावर मी मुंबईला काम सोडत असल्याचे आणखी एक पत्र टाकले, आणि त्यानंतर हस्तलिखितांचा गठ्ठा माझ्याकडे आला नाही.

आक्का अजून गावोगाव जाते. आपली धाकटी बहीण गीत म्हणत गेली, असे ती बायकांना सांगते. मला हे दुसऱ्यांकडून कळले. मी तिला त्याबद्दल काही म्हटलेले नाही. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते आणि भात मी करतो.

मासिकाचा तो अंक घरात आहे. त्यात माझ्या पत्नीबद्दल तीन ओळी आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत.