पुरावा तर आहे, पण कशाचा?

समितीत बसायला लागल्यापासून मला एक कळलंय. तक्रार करणारी माणसं तक्रार विसरतात, ऐकणारी विसरत नाहीत. 'ह्याचं तोंड बघणार नाही' म्हणून ओरडलेली माणसं आठ दिवसांत एकमेकांकडे विरजण मागायला जातात. त्यांनी बैठकीत काय काय पुरावे दिले, ते मात्र आमच्या डोक्यात बसून राहतं. असे किस्से इतके साठलेत की कसालच्या बाजारात कोणी ओळखीचं भेटलं तर आधी विचारतं, "काय वयनी, ह्या आयतवारी काय झाला?"

समिती म्हणजे गावची तंटामुक्ती समिती. रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बसते. अध्यक्ष आबा, त्यांची भातगिरण आहे. दुसरे तात्या, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आणि मी. मी दहावीपर्यंत शिकलेली, घरी शिलाई करते. "समितीत एक तरी बाईमाणूस होया," म्हणून माझं नाव घातलं. आणखीही दोघंतिघं आहेत, पण ते सहीपुरते येतात.

आबा प्रत्येकाला विचारतात, "पुरावो आसा?" आणि कोणी पुरावा दिला की तात्या विचारतात, "कशाचो?" आमचं अर्धं काम ह्या दोन प्रश्नांत होतं.

मध्यंतरी एक तक्रार अशी आली की मला शिलाई सुचेना. आमच्या वाडीतल्या शालिनीने सांगितलं की सरस्वतीकाकीला कोणाच्याही घरात पाऊल टाकू देऊ नका, तसं समितीने ठरवून द्या. काकी सत्तरीची, एकटी राहते. तिचा दिवस वाडीतल्या ओट्यांवर जातो. ती घरं बंद झाली तर तिला बोलायलाही कोणी उरणार नव्हतं. शालिनी म्हणाली, "माझ्याकडे पुरावो आसा." आबांनी पुढचा रविवार दिला.

तो आठवडाभर मला जुन्या बैठका आठवत राहिल्या. त्यातल्या काही सांगते.

* * *

वसंताचा एक माड हद्दीच्या दगडी गडग्याजवळ आहे. वाऱ्याने तो शेजारच्या मनोहरच्या अंगणावर कलला. मनोहरने तक्रार घातली की माड माझा.

आबा म्हणाले, "पुरावो?"

"नारळ माझ्या खळ्यात पडतत!"

तात्या म्हणाले, "पावस पण तुझ्याच खळ्यात पडता. मगे ढग तुझे काय?"

मनोहरने खरंच थोडा विचार केला. मग म्हणाला, "ढगांचा ऱ्हवांदे. पण उद्या नारळ माझ्या डोक्यार पडलो तर?"

"ती येगळी तक्रार," आबा म्हणाले. "ती डोक्या फुटल्यावर घेव!"

* * *

लताची तक्रार होती की शेजाऱ्याने गडगा तिच्या बाजूला सरकवला. ती तयारीनिशी आली होती. मोबाईलमध्ये दोन फोटो, एक पावसाळ्याआधीचा आणि एक आताचा. पहिल्यात गडगा लांब दिसत होता, दुसऱ्यात अगदी जवळ. आम्ही सगळे चाट पडलो! आबा तर शेजाऱ्याला बोलवायला निघाले.

तात्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. "गो लता, पयलो फोटो खंयसून काढलंस?"

"रांदपाच्या दारातसून."

"आणि दुसरो?"

"बावीकडसून. थंयसून बरो दिसता."

बाव म्हणजे विहीर, ती गडग्यापासून दोन पावलांवर आहे!

"गडगो हललो नाय गो," तात्या म्हणाले, "तूच हललंस!"

लता आधी गोरीमोरी झाली, मग तीच हसत सुटली. तक्रार मागे घेतली. जाताना मला हळूच म्हणाली, "वयनी, पण फोटो बरे इलेत मां?"

* * *

दत्तूच्या भाजीत कोणाचं तरी जनावर शिरलं आणि लाल भाजीचे वाफे साफ करून गेलं. दत्तूचं म्हणणं, म्हैस सीतारामचीच. बघितली कोणीच नव्हती.

"पुरावो?"

"सगळो गाव सांगता!"

तात्या म्हणाले, "सगळ्या गावातलो एक सांग."

दत्तूने चहावाल्या बबनचं नाव घेतलं. बबनचं दुकान देवळाला लागूनच, त्याला हाक मारली. तो फडक्याला हात पुसत आला आणि म्हणाला, "मी बघूक नाय. माका पोस्टमनान सांगल्यान." पोस्टमनला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पोस्टमन म्हणाला, "मी काय बघतलंय? माका गिरणीत आबांनी सांगल्यानी."

आम्ही सगळे आबांकडे बघायला लागलो. आबा अध्यक्ष! त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "माका खरा म्हणजे… माका दत्तूनच सांगल्यान."

तात्या दत्तूकडे वळले. "म्हणजे सगळो गाव तो तूच!"

दत्तू जराही हलला नाही. म्हणाला, "मगे? मी काय ह्या गावातलो नाय?"

* * *

सगळेच पुरावे असे हसण्यावारी नेता येत नाहीत. देवाचा पुरावा आला की आमची पंचाईत होते.

धोंडू आणि बाळा हे चुलतभाऊ. सामाईक जागेतला एक फणस कोणाचा, यावरून बोलणं बंद. धोंडूने देवळात कौल लावला होता. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली की होकार. धोंडूला उजवी पडली होती. आबांनी हात जोडले. "संपला मगे. देवापुढे आपण काय बोलाचा?"

तेवढ्यात बाळा म्हणाला, "मीय कौल घेतलंय. माकाय उजवीच पडली!"

दोघांनीही गुरवाला साक्षीला आणलं. गुरव म्हणाला, दोघांचंही खरं आहे.

 देव खोटा म्हणायची कोणाची छाती! दोघे भाऊही घाबरल्यासारखे दिसायला लागले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. गुरवाला विचारलं, "ह्यांनी देवाला प्रश्न काय विचारला होता?"

"धोंडून इचारल्यान, माका न्याय मिळात काय?"

"आणि बाळाने?"

"तोच. माका न्याय मिळात काय?"

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "देवान दोघांकय होय म्हटल्यान. फणस कोणाचो, ह्या कोणी इचारूकच नाय!"

दोघे लगेच उठले, आता नीट विचारून येतो म्हणून. गुरवाने वाट अडवली. "आज नको. देवाक जरा इसावो घेऊंदे!"

पुढे दोघांनी आपसातच ठरवलं, एक वर्ष ह्याने फणस काढायचे, एक वर्ष त्याने. देवाने दोघांना होकार दिला होता तो खराच ठरला, असं गुरव अजून सांगतो. मला तरी त्यात खोट काढता येत नाही.

* * *

प्रकाशला मात्र आम्ही आजवर काही पटवू शकलो नाही. त्याच्या बागेत आंब्याचा मोहर गळला. त्याचं म्हणणं, डोंगरावरच्या मोबाईल टॉवरमुळे. टॉवर हलवणं आमच्या हातात नाही, हे आबांनी आधीच सांगितलं. तरी तो व्हिडिओ घेऊन आला. एक टॉवर, त्याच्याखाली वाळलेली झाडं, आणि कोणीतरी घाईघाईने बोलत होतं. भाषा आमच्यापैकी कोणाला कळेना.

मी फोन जवळ घेऊन बघितलं. "प्रकाश, ह्यात मागे डोंगरावर बर्फ दिसतोय. हे आपल्याकडचं नाही. झाडंही आंब्याची नाहीत."

प्रकाशने व्हिडिओ पुन्हा लावला. डोळे बारीक करून बर्फ बघितला. मग फोन आमच्याकडे फिरवत म्हणाला, "बघलास? बरफसुद्धा पडूक लागलो! ह्योय टॉवराचोच प्रताप!"

तात्यांनी त्या दिवशी लवकर घर गाठलं.

* * *

आणि तो रविवार आला.

एरवी बैठकीला पाच-दहा माणसं असतात. त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायका आल्या. सरस्वतीकाकी खांबाला टेकून बसली होती. तिच्या आजूबाजूला जागा रिकामी. कोणी मुद्दाम तसं केलं नसेल, पण जागा रिकामी होती. मी समितीत, म्हणून मला पुढे बसावं लागलं. नाहीतर तिच्याजवळ बसले असते, असं मी आता म्हणते.

शालिनी वाईट बाई नाही, हे आधी सांगते. तिची सून दिवसांत आहे. आधी एकदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. ह्या खेपेला शालिनी सुनेला उंबऱ्याबाहेरसुद्धा एकटी सोडत नाही. ती बोलायला उभी राहिली.

"माझा काकीशी भांडण नाय," ती म्हणाली. "पण ही घरात इली की कायतरी वायट घडता. माझी दुभती गाय गेली, तेव्हा ही गोठ्यात होती. सासू पडली, कंबार मोडला, तेव्हा ही खाटीकडे होती. सुनेचा पयल्या टायमाक असा झाला, तेव्हाय ही आमच्याच घरात होती. माका आता भीती वाटता. माका दुसरा काय नको, हिका कोणाच्याच घरात जाव नको म्हणान सांगा."

आबांनी घसा साफ केला. "पुरावो?"

"साक्षीदार आसत."

शेजारच्या दोघी उठल्या. दोघींनी काकीला त्या त्या वेळी शालिनीच्या घरात बघितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी. आबांनी काकीला विचारलं, "तू होतंस थंय?"

"होय, होतंय," काकी म्हणाली.

आता काय राहिलं? ऐकीव काही नव्हतं, फोटोची फसगत नव्हती. सगळं खरं होतं आणि काकीने स्वतः कबूलही केलं होतं. मागून एक बाई म्हणाली, "आमच्याकडे रेडकू मेला तेव्हाय ही होती!" दुसरीने मुलीचं काढलं, "आमच्या चेडवाचो हात मोडलो तेव्हाय!" मग सगळ्याच आठवायला लागल्या. आबा माझ्याकडे बघायला लागले.

तात्या पुढे सरकले. त्यांनी शालिनीला अगदी हळू आवाजात विचारलं, "गाय आजारी पडली, तेच्या आधी काकी इली, का मागसून?"

"गायीन चारो सोडल्यान, म्हणान मी बोलवन धाडलंय," शालिनी म्हणाली. "हिका जनावरांचा कळता मां."

"आणि सासू पडली तेव्हा?"

"तेव्हा मीच धावत गेलंय हिका बोलवूक. डाक्टर येयसर कंबार कोण धरतला?"

"आणि सुनेक त्रास झालो तेव्हा?"

"तेव्हाय… मीच," शालिनी म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला.

काकीला जनावरांचं कळतं, मोडलेलं हाड ती धरून ठेवू शकते, बाळंतिणीजवळ रात्र काढते, हे वाडीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फणा काढलेला नाग माझ्या मुलाला आडवा आला आणि भीतीने मुलगा तापाने फणफणला, तेव्हा मीही तिलाच हाक मारली होती. पण शालिनी बोलत असताना ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

तात्यांनी मागे बघितलं. "तुमच्या रेडकाच्या टायमाक? तुमच्या चेडवाच्या हाताच्या टायमाक?"

 बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीने बसल्या जागेवरून थोडं सरकून काकीच्या बाजूची जागा भरली.

आबांना निकाल सांगायचा होता, पण त्यांच्याने सांगवेना. शेवटी ते काकीला म्हणाले, "काकी, तुका काय सांगूचा आसा?"

काकी खांबाला धरून उठली. ती समितीकडे वळलीच नाही. शालिनीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"शालू," ती म्हणाली, "एकदा काय झालेला नसताना बोलव गो माका. नुसती चाय पिऊन जातंय."