जोडीदाराची गिनती

माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर होती. रोज संध्याकाळी गिनती, म्हणजे हजेरी व्हायची. आमच्या सुभेदार साहेबांची रीत वेगळी होती. स्वतःच्या नावाला ओ द्यायची नाही. तुमचा बडी, म्हणजे जोडीदार, तुमच्यासाठी 'हाजिर' म्हणणार. माझा बडी लान्स नायक बळीराम, आमच्याच जिल्ह्यातल्या तळेगावचा. तो मला चिडवायचा, "तुले पाह्यल्याशिवाय मी हाजिर म्हणत नाई. तोंड दाखवत जाय."

एका संध्याकाळी वरचा बर्फाचा कडा कोसळला. मी खाली गाडला गेलो. गिनतीत माझं नाव आलं तेव्हा बळीराम म्हणाला, "साब, मेरा बडी नहीं है." हे मला नंतर साथीदारांनी सांगितलं. त्याने फावडं उचललं, मला शोधलं, वर ढकललं. तेवढ्यात दुसरा कडा कोसळला आणि बळीरामला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गिनतीला माझं नाव पुकारलं. ओ द्यायला कोणी नव्हतं. साहेबांनी पुढचं नाव घेतलं.

निवृत्तीनंतर मी बोरगाव मेघेतल्या एका ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. मॅनेजर रेवती मॅडम माझ्या मुलीच्या वयाची. मला काका म्हणते. मोठी चौकस पोर. किल्ल्या कुठे ठेवायच्या, पाहुण्याला कुठवर येऊ द्यायचं, आग विझवायचं सिलिंडर कसं चालवायचं, सगळं शिकली.

"काका, अजून काय यायले पाहिजे मले?"

"माणसं मोजता आली पाहिजे."

"अंगठ्याची मशीन आहे ना!"

"मशीनले अंगठा समजते बेटा, माणूस नाई."

आमची मंडळी सकाळी अंगठा लावून चहाला पसार होत. मशीनच्या लेखी सगळे आत. मी तिला सुभेदार साहेबांची रीत सांगितली. मॅडम हसली आणि तिने त्याच दिवशी सगळ्यांच्या जोड्या लावल्या.

यंदा उन्हाळ्यात भरदुपारी एसीची वायर जळाली. धूर पसरला. सगळे बाहेर निंबाखाली जमले. "आले सगळे!" अकाउंटंट ओरडला. मॅडमने ऐकलं नाही, एकेक नाव पुकारलं. सुनंदाच्या नावाला तिचा जोडीदार प्रमोद घाबरून म्हणाला, "मॅडम, सुनंदाताई दिसून नाई राह्यल्या. डोकं दुखते म्हणून मांगच्या खोलीत लेटल्या होत्या."

सुनंदाला सातवा महिना होता. मॅडम दाराकडे धावली. मी तिला अडवलं.

"तू गेली तं मोजन कोन?"

ती थांबली. मागच्या दाराची किल्ली तिने माझ्या हातात दिली. तोंडाला ओला टॉवेल बांधून मी शिरलो. सुनंदा भिंत धरून खोकत होती. तिला धरून बाहेर आणलं. लगेच दवाखान्यात पाठवलं. नंतर कळलं, आई आणि पोटातलं बाळ सुखरूप होते.

तिची गाडी निघता निघता मॅडमने पुन्हा गिनती घेतली. सगळ्या जोड्या पूर्ण झाल्या. जोड्या लावताना मी माझं नाव घालू दिलं नव्हतं. मॅडमने माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, हाजिर!"

बळीराम गेल्यापासून माझ्यासाठी कोणी ओ दिली नव्हती. मला रडू आलं.

"बेटा, अजून एक नाव घे. लान्स नायक बळीराम."

तिने नाव पुकारलं. मी सावधान उभा राहिलो.

"हाजिर."