पाडस पूर्ण झालं म्हणून

गाईडबाईंची सहल ठरलेली असे. सकाळी डोंगरातली कोरीव लेणी, दुपारी कारागिरांची कार्यशाळा. लेण्यांना वेळ जेमतेम, कारण सहलीच्या कंपनीला घाई स्वतःच्या कार्यशाळेची. तिथे दुकान आहे ना! कुणी जन्मभर खपून अख्खा डोंगर कोरला, आणि या महाभागांना काळजी दगडी पेपरवेट खपण्याची.

कार्यशाळेच्या दाराशीच बाईंचा नवरा बसे. हाडाचा पाथरवट. पण त्याला पगार मिळे तो कोरण्याचा नव्हे, कोरताना दिसण्याचा. कंपनीचा नियमच होता, शिल्प पुरं करायचं नाही. अर्धवट शिल्पापाशी लोक थांबतात, फोटो काढतात आणि मग आत जाऊन यंत्रावर कापलेला माल हातचा म्हणून घेतात. म्हणून तो महिनोन् महिने एकाच हरणीवर टकटक करत बसे. घरी आला की म्हणे, "हात गंजले गं माझे." बाई विषय बदलत, कारण दोघांची चूल याच कंपनीवर पेटत होती.

त्या दिवशी बाई पाहुण्यांना घेऊन आत शिरल्या आणि चरकल्या. हरणी पुरी झाली होती. मान वळवून ती पाडसाला चाटत होती आणि पाडसाने सुखाने डोळे मिटले होते. इतके दिवस आवरून धरलेला हात त्या सकाळी आवरला नव्हता, एवढंच.

मॅनेजर तरातरा आला. "अक्कल गहाण टाकलीस का रे? आता लोकांना काय दाखवणार, कपाळ? ते पिल्लू उडव. खाली दगड आहे भरपूर, पुन्हा कोरत बस."

"साहेब, पाडस उडवलं तर ती चाटतेय कुणाला?"

"लोक एवढं बघत नाहीत रे!"

पाहुण्यांना ही भाषा येत नव्हती. त्यांच्यातल्या एका आजींनी बाईंची बाही ओढली आणि साहेब काय म्हणतायत ते विचारलं. अशा वेळी काहीतरी गोड सांगून निभावून न्यायचं, हे बाईंच्या अंगवळणी पडलेलं. पण आज त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पिल्लू उडवण्यापासून लोक बघत नाहीत इथपर्यंत. एक शब्द गाळला नाही.

पाहुण्यांनी कॅमेरे खाली घेतले. नवऱ्याने मात्र मान खाली घालून छिन्नी पाडसाच्या कानाशी टेकवलीच. पोट माणसाला काय काय करायला लावतं! बाईंनी त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि मॅनेजरच्या हातात कोंबला.

"दगड तुमचा, मान्य. मग तुम्हीच मारा. हे मारणार नाहीत."

मॅनेजरने हातोडा उचलला. सगळी सहल त्याच्याकडे बघत होती. त्याने हातोडा हळूच जमिनीवर ठेवला आणि तो आत निघून गेला.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. उद्यापासून दोघांनीही यायचं नाही.

"काय म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी फोन आपटला. "समोरासमोर एक घाव घालवला नाही मेल्याला! घातला तो पाठीमागून."