साडूंची मास्टर फाइल

आमच्या साडूंच्या परवानगीवाचून नागपुरात ऊनसुद्धा तापत नसावं, अशी माझ्या सासरच्या माणसांची पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात जरीपटक्यात, आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाचं नियोजन करतात. पूल ते बांधत नाहीत. तो कधी, कुठल्या क्रमानं आणि कोणामुळे रखडत बांधला जाईल, एवढंच ते संगणकावर दाखवतात. मी लकडगंजात एका लाकूड व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. माझी बेरीज आयुष्यात चुकलेली नाही, पण तिच्याकडे पाहून आजवर कोणी "वा" म्हटलेलं नाही. साडूंच्या पडद्यावर निळ्या-लाल पट्ट्या सरकतात आणि आमच्या घरातल्या बायका पदर सावरून पाहायला बसतात. मला त्यांचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

साडूंचा तो प्रोग्राम समजायला सोपा आहे. पुलाच्या खांबवाल्यांची एक फाइल, वरच्या तुळया बसवणाऱ्यांची दुसरी, डांबरवाल्यांची तिसरी. प्रत्येक फाइल म्हणजे एक सबप्रोजेक्ट. या सगळ्या एका मोठ्या फाइलीच्या पोटात बसतात, ती मास्टर. आणि एका फाइलीतलं काम दुसऱ्या फाइलीतल्या कामाला दुव्यानं बांधलेलं असतं; जे आधी संपायला हवं ते 'मागचं' काम. खांबवाले रेंगाळले की तुळयावाल्यांच्या तारखा न विचारता पुढे सरकतात. इथवर मला काही म्हणायचं नाही. पूल आहे, तिथे हे पाहिजेच. पण साडूंनी ही विद्या घरी आणली. आमचं घर 'लकडगंज' नावाचं सबप्रोजेक्ट झालं, सासूबाईंचं गाव 'खापा' नावाचं, त्यांचं स्वतःचं 'जरीपटका'. मास्टर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी.

याचे परिणाम पहिल्यांदा मी भोगले ते कूलरच्या बाबतीत. उन्हाळा लागला की मी माळ्यावरून कूलर उतरवतो, वाळ्याच्या ताट्या बदलतो, पंपाला तेल देतो. कोणाला न विचारता. त्या वर्षी बायको म्हणाली, "थांबा, भाऊजींना विचारून घेते." उत्तर आलं की लकडगंजच्या कूलरच्या मागे शिडी आहे, शिडीच्या मागे खापा आहे, आणि खाप्याला सासूबाईंच्या घराची रंगरंगोटी चालू आहे. तिन्ही घरांत शिडी एकच, हे खरं. पण माळ्यावर मी स्टुलावर उभा राहूनही पोचतो, हे त्या फाइलीत कुठेच नव्हतं. मी स्टूल ओढलं तर बायको म्हणाली, "अहो, असं मधूनच काही करू नका, तिकडे सगळं हलते." तिकडे काही हलू नये म्हणून आम्ही इकडे ओला टॉवेल पांघरून बसलो. शेवटी खाप्याहून शिडी आली तेव्हा सोबत साडू आले, कूलर लावून पाहिला आणि पहिल्या गार झोताखाली आमच्याच खुर्चीत बसून म्हणाले, "पाह्य गा, दुवा बरोबर असला की कसं थंड वाटते." बायकोनं त्यांना पन्हं दिलं. मला मागून मिळालं, आणि त्यात वेलची नव्हती.

त्यांचं बोलणंही तसंच. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, जेवायला हाक मारली तर "मागचं काम संपून राहिलं, आलोच" म्हणतील. कोणी दुकानात रांग मोडली तर भांडत नाहीत, त्या माणसाकडे कीव आल्यासारखं पाहतात, जणू बिचारा दुव्याविना जन्मला आहे. फाइलीचं नाव मात्र कोणी बदललेलं त्यांना खपत नाही, कारण मास्टर फायलींना नावानंच ओळखते. माझ्या मेहुण्यानं एकदा हौसेनं 'खापा'चं 'खापा नवीन' केलं. मास्टर उघडली तर खापा गायब. साडूंनी फोनवर फोन केले, मेहुणा शेतात, म्हणून हे सुटी टाकून बसनं स्वतः खाप्याला गेले. अंगणात पोचल्या पोचल्या सासूबाईंना म्हणाले, "आई, खापा सापडून नाही राहिलं." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "काहून जावईबापू," त्या म्हणाल्या, "कन्हानीनं नेलं का?" नदी घराच्या मागे शांत वाहत होती. आम्ही हा किस्सा सगळ्यांना सांगतो, मी जरा जास्तच रंगवून सांगतो. साडू स्वतःही हसतात आणि वर म्हणतात, "पण सापडलं न शेवटी?"

मग आमच्या मुग्धाचं लग्न ठरलं.

एकुलती एक मुलगी. कूलर, शिडी, पन्हं, हे सगळं मी सोडून दिलं होतं, पण हे एक लग्न मला माझ्या हातानं करायचं होतं. मुलीनं काही अडलं की बाबांना विचारावं, एवढी माझी इच्छा. मी पेन्सिलीनं आखणी सुरूही केली होती. तेवढ्यात एका दुपारी वरण वाढून घेता घेता मुग्धा म्हणाली, "बाबा, मौसाजींनी माझ्या लग्नाचं मास्टर बनवलं. एकदम भारी आहे, तुम्ही पाहाच."

पाहायला गेलो. मंडप एक सबप्रोजेक्ट, स्वयंपाक दुसरं, कपडे ताईंकडे तिसरं. मी विचारलं, "आणि दादा, माझ्याकडे काय?"

"तुह्याकडे पाहुणे," साडू म्हणाले. "तू मोजण्यात पक्का आहे. आवतणाचं सगळं तुह्या फाइलीत. पाहुण्यांचा आकडा तू दिला की आचाऱ्याची फाइल आपोआप हलते."

आवतण म्हणजे आमच्याकडचं घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता देऊन केलेलं निमंत्रण. पत्रिका पोस्टानं जाते, आवतण माणसाबरोबरच जातं. ते काम वधूपित्याचंच, म्हणून मी ते घेतलं. पण साडूंनी एक नियम घातला. म्हणाले, "एक ध्यानात ठेव. कामवाले वेगळे, पाहुणे वेगळे. एक माणूस दोन फायलीत आला की त्याचं ताट दोनदा लागते. ज्याचं नाव कामात आहे ते पाहुण्यातून काढून टाकायचं." नियम मला पटला. मोजणीत दुबार नको, हे मी रोज दुकानात सांगतो. माझी यादी त्यांनीच तपासली, कामवाल्यांची नावं त्यांनीच पुसली, आणि मी उरलेल्या सगळ्या घरी कुंकवाचा करंडा घेऊन फिरलो.

हळदीच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात सगळे होते, साडू नव्हते. ताई तर दोन दिवसांपासून आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. कोणाच्या पहिल्यांदा लक्षातही आलं नाही, फक्त माझ्या आलं. आचारी आला, त्यानं मला विचारलं, कढी आधी की भजी? मी म्हटलं भजी. मंडपवाल्यानं विचारलं, झालर पिवळी की लाल? मी म्हटलं पिवळी. खाप्याची बस आली, तिला उभी कुठे करायची हेही मीच सांगितलं. अर्धा तास मी त्या कार्यालयात असा वावरलो की काय सांगू. काहीही कशाच्या मागे नव्हतं, सगळं माझ्या तोंडून निघत होतं. साडूंना आज ताप आला असेल तर बरा थोडासा, जीवावरचा नको, असंही मनात येऊन गेलं.

मग मुग्धा पाटावर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मौसाजी कुठे आहेत?"

"येतील गं," मी म्हटलं. "हळद वाळून राहिली, लावून घे."

"ते आल्याशिवाय नाही लावत मी."

ताईंनी फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. फोन छातीशी धरून त्या आमच्याकडे वळल्या. "कपडे घालून बसले आहेत घरी. म्हणतात, आवतण नाही आलं." आणि मग फोनमध्ये, "अहो, घरचं लग्न आहे, तुम्हाला काय आवतण पाहिजे? सोन्याची पालखी पाठवू का?" तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, ताईंनी फोन बंद केला. "म्हणतात, त्याशिवाय निघता येत नाही."

बायका कुजबुजल्या. साडू रुसले, असा शब्द कोपऱ्यातून आला. मेहुणा म्हणाला, "मी घेऊन येतो गाडीवर." तेव्हा मुग्धा पाटावरून म्हणाली, "नाही मामा. बाबा, तुम्ही जा न."

मला दुसरं काय हवं होतं? मुलीनं काही अडलं आणि बाबांना सांगितलं. फक्त सांगितलं ते साडूंना आणायला. मी पुडीत कुंकू आणि अक्षता घेतल्या आणि स्कूटर काढली. जरीपटक्याच्या बाजारात सकाळीच गर्दी, हॉर्न वाजवून हात दुखला. वाटेत मी दोन कडक वाक्यं तयार केली होती.

दार उघडंच होतं. साडू कांजी केलेला पांढरा झब्बा घालून, पायात बूट चढवून टेबलाशी बसले होते. समोर लॅपटॉप. रुसलेला माणूस असा दिसत नाही. हा माणूस प्लॅटफॉर्मवर बसल्यासारखा दिसत होता.

"दादा, हे काय?" मी म्हटलं. "तिथे पोरगी पाटावर बसून आहे."

"मी केव्हाचा तयार आहे गा," ते म्हणाले. "पाह्य इकडे. माह्या फाइलीत 'निघणे'. त्याच्या मागे 'आवतण'. ते काम तुह्या फाइलीतलं, म्हणून माह्याकडे राखाडी दिसते. मले वाटलं, आज करशील, उद्या करशील. काल वाटलं, जवळचे म्हणून शेवटी ठेवले असतील. आज सकाळी तुही फाइल उघडली." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुह्या फाइलीत मी नाहीच."

"तुम्हीच काढलं, दादा. कामवाले वेगळे म्हणून. तुमचं नाव बाकीच्या तिन्ही फायलींत होतं."

त्यांनी चष्मा काढला, झब्ब्याला पुसला, पुन्हा घातला. "हो न," ते म्हणाले. "प्रोग्रामचं बरोबर आहे. मीच मले पुसलं." आणि मग पडद्याकडे पाहत, हळू आवाजात, "मग तिथे बसून कोणत्या नात्यानं जेवलो असतो गा? कामवाला म्हणून?"

माझी कडक वाक्यं कुठे गेली कळलं नाही. मी पुडी उघडली, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि माझ्या तोंडून घरची बोली निघाली, "दादा, मुग्धाच्या लग्नाले या. सगळ्यायच्या आधी या." त्यांनी अक्षता मुठीत धरल्या, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं 'आवतण'समोर कुठेतरी खूण केली, आणि लॅपटॉप न घेताच उठले. स्कूटरवर ते माझ्या मागे बसले आणि कार्यालय येईपर्यंत माझा खांदा धरून होते.

मुग्धानं पहिली हळद त्यांच्या गालाला लावली. मग माझ्या. माझ्या वाट्याला बोटांवर उरलेली आली. हे मी मोजलं, कारण मोजणं मला टाळता येत नाही.

लग्न झालं, मुग्धा हैदराबादला गेली. परवा रविवारी दुपारी साडू उन्हातून लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मुग्धानं आपल्या नव्या घराची फाइल बनवून त्यांना पाठवली होती, त्यांनी ती मास्टरमध्ये बसवली होती. मला नव्हती पाठवली. ते माझ्या मनात आलं तेवढ्यात साडूंनी पडदा माझ्याकडे फिरवला. मी सवयीनं विचारलं, "तिच्या कामांच्या मागे काय काय जोडलं तुम्ही?"

"काहीच नाही. जोडता नाही येत. तिनं फक्त वाचण्यापुरती दिली," ते म्हणाले. "आपल्याले पाहता येते गा, हलवता नाही येत."

"मग तुम्ही काय करता तिचं?"

"पाह्यतो."

बायको आत पन्हं करत होती. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. मुग्धाच्या फाइलीत 'पडदे शिवणे' नावाचं काम अर्धं झालं होतं. आम्ही दोघं ते पाहत बसलो.