येजो

थूल सर लग्नात कधी पहिल्या पंगतीला बसले नाहीत. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून डोळे अर्धे मिटून घ्यायचे. लोकांना वाटे, सरांना डुलकी लागली. वर्ध्याच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली गणित शिकवायला लागले, तेव्हा एका लग्नात विचारलंच.

"डोये अर्धे मिटले का मानसं नाई, नुसते ठिपके दिसतात," ते म्हणाले. "पाह्य, कोन कोनाले भेटून राह्यलं. साथ याच वाटेनं जाते."

मीही डोळे अर्धे मिटून पाहिलं. मांडव धूसर झाला आणि पिवळे-गुलाबी ठिपके एकमेकांना शिवत, सुटत, पुन्हा शिवत राहिले. साथीचं का असेना, मला ते फार सुंदर वाटलं.

साथ कशी पसरेल याचं गणित मांडणं हे सरांचं वेड. माणसं एकमेकांना किती भेटतात, यावर रोगाचा आलेख चढतो-उतरतो. भेटींच्या त्या आकड्याला पुस्तकात ग्रीक अक्षर आहे. सरांनी फळ्यावर त्याचं नाव ठेवलं होतं 'येजो'. आमच्याकडे पाहुण्याला उंबऱ्यावरून निरोप देतानाचा शब्द, 'पुन्हा ये' असा. "बीटा म्हनलं का पोरं झोपतात. येजो म्हना, आपोआप समजते."

मग कोरोना आला. साथीच्या अंदाजासाठी सर दवाखाने, कचेऱ्या फिरत होते. आर्वीकडे, रोहण्याला गावी त्यांची म्हातारी माय एकटी. तिचा रोज फोन.

"काऊन येत नाई रे?"

"माय, मी चार ठिकानी फिरून राह्यलो. आलेख उतरला का येतो."

"तुया आलेख उतरते तरी कधी? लवकर येजो."

फोन ठेवून ते खिडकीतून आर्वीच्या रस्त्याकडे बघत बसायचे. चहा गार होऊन जायचा.

आलेख सरांनी सांगितला तसाच उतरू लागला. त्याच सुमारास माय गेली. झोपेतच, म्हातारपणानं. साथ तिला शिवलीही नव्हती.

"गनित बरोबर आलं, पोरी," रोहण्याच्या अंगणातल्या तिच्या रिकाम्या बाजेकडे पाहत ते म्हणाले. "पन मी येजो शून्य धरला. कवाडाबाहेर उभं राहून मायले पाहता आलं असतं. ते मी मांडलंच नाई."

मला रडू आवरलं नाही. सर मात्र कवाडाकडेच बघत होते.

त्यानंतर ते फळ्यावर 'येजो' कुणाला शून्य करू देत नसत. "कमी कर. लांबून कर. शून्य नको करू."

मागच्या हिवाळ्यात सर अंथरुणाला खिळले. नालवाडीच्या घरी मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. मीही त्यांना ठिपकाच दिसत असेन. "येते सर," म्हटलं, तसे त्यांनी डोळे पूर्ण उघडले आणि मला नीट पाहिलं.

"येजो."

पुन्हा जाणं होण्याआधीच ते गेले.

आता साथीच्या गणिताचा तो तास मी घेते. येजो लहान लहान करत नेते, तसा फळ्यावर आलेख निजत जातो. पोरं म्हणतात, "मॅडम, शून्यच टाका न." मी टाकत नाही. कवाडाबाहेर एक माणूस उभा राहील, एवढा आकडा ठेवते.