आमच्या वाचनबाई

कादंबरीतल्या माणसांना रागे भरणारी बाई मी एकच पाहिली. छापलेलं त्या अगदी शुद्ध वाचायच्या. पण एखादं पात्र चुकलं की पुस्तक मांडीवर पालथं घालून त्याला झापायच्या. "काहून गेला गा तू तिकडे? सांगितलं होतं ना तुले!" आत माझ्या सासूबाई हसून हसून बेजार.

सासूबाईंचा मोतीबिंदू वाढला तेव्हाची, सन पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. धरमपेठेतल्या वाचनालयात काम करणाऱ्या या बाई दुपारी घरी जाताना आमच्याकडे थांबून त्यांना वाचून दाखवू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव सांगितलं. बौद्ध घरातल्या. मी खुर्ची उंबऱ्याबाहेर टाकली आणि हळूच म्हटलं, "सासूबाईंना चालत नाही हो." त्या तिथंच बसल्या. आत येऊन मी सासूबाईंना सांगितलं, वाचायला त्यांना बाहेरचा उजेड लागतो.

ऐन रंगात आलं की त्या थांबायच्या. "सांगा आजी, आता काय होईन?" सासूबाईंचं उत्तर ठरलेलं : लग्न. "तुमच्या हाती कादंबरी दिली ना आजी, तर पयल्याच पानावर अक्षता टाकून मोकळ्या व्हान!"

मे महिन्यात परदेशातल्या एका कादंबरीचं भाषांतर वाचायला घेतलं. गोऱ्यांच्या घरी मुलं वाढवणारी काळी दाई, आणि तिला पुढच्या दारानं यायची बंदी. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. नव्या कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू येईना.

"मोठ्यानं वाचा हो!"

"कूलर बंद करा आजी."

"मग मी भाजून निघेन."

"मंग मले आत घ्या."

"अहो, मग या की! तुम्हालाच उजेड लागतो ना? सूनबाई म्हणाली होती."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वाचनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, कोणाले चालत नव्हतं?"

सासूबाईंवर ढकलणं अजूनही जमलं असतं.

"मला," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं. "आज नाही. उद्या या वेळेले तुम्ही बोलवा."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशीच जाऊन उभी राहिले. त्या येतील याची खात्री नव्हती. आल्या. "आत या," एवढंच मला म्हणता आलं. त्या आत गेल्या आणि थेट पलंगावर बसल्या. "सरका आजी, जागा द्या." मग ती कादंबरी संपली, तशा आणखी कितीतरी.

सासूबाई गेल्या त्या सकाळी आम्ही दोघी त्यांच्या उशाशी होतो. तोंडात पाणी घालायचा मान सुनेचा. जावा-नणंदा बघत होत्या. मी गडू वाचनबाईंच्या हाती दिला.

"घ्या आजी," त्या म्हणाल्या, "हळू."