कंबर किती?

कोलोनच्या ट्रॅम थांब्यावर पाठीमागून आवाज आला, "तीस ना?" वळून पाहिलं, तर एक बुटका म्हातारा माझ्या कमरेकडे टक लावून उभा. माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याची पाठ पाहायची, ही डंकन यांची जन्माची खोड. एका स्कॉटिश पलटणीचे ते मुख्य शिंपी. दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणीबरोबर बायको-मुलाला घेऊन जर्मनीत आले. पुढे पलटण मायदेशी परतली, हे मात्र राहिले, कारण बायकोला इथल्या मातीत पुरलं होतं. आमच्याकडे शिंप्याला म्हणतात तसं मी त्यांना 'मास्टर' म्हणू लागलो आणि ते जाम खूश झाले.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. रविवार खायला उठायचा. मास्टरांकडे गेलं की सूप मिळे. त्या बदल्यात एक किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, नेसून त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. ते निऱ्या चापूनचोपून सारख्या करत. "ताठ उभा राहा, लॅड. पुढून कुणीही चांगला दिसतो. कारागिरी पाठीमागे असते, नेसणाऱ्याला न दिसणारी. गेनाऊ! अगदी अस्संच!"

किल्ट मुलाचा होता, इयानचा. निऱ्यांच्या तऱ्हा दोन, मास्टर सांगत. पट्ट्यावर घातल्या की प्रत्येक घडीवर तोच एक पट्टा येतो. पाठीमागून सगळे शिपाई एकसारखे. ती पलटणीची तऱ्हा. नक्षीवर घातल्या की एवढं कापड आत दुमडूनही चौकटींची नक्षी मोडत नाही. ती घरची तऱ्हा. इयानला पलटण नको होती. बापाने हट्टाने पट्ट्यावर शिवला. तो न नेसताच मुलगा कॅनडाला निघून गेला. त्याला दहा वर्षं झाली होती. ना त्याचं पत्र, ना यांचं.

"आठ वार कापड आहे," एकदा ते ऐटीत म्हणाले.

"माझी आई नऊ वार नेसते."

"टाके किती?"

"एकही नाही. रोज निऱ्या घालते, रोज सोडते."

मास्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. "रोज सोडते? आणि कापडाला काही होत नाही?"

"काय व्हायचंय?"

पुढच्या रविवारी गेलो, तर किल्ट उसवून टेबलावर अंथरलेला. जुन्या घड्यांच्या खुणा इस्त्रीनेही जात नव्हत्या. मास्टरांचे डोळे लाल होते. "आता नक्षीवर घालतो," एवढंच म्हणाले. बायकोने जाण्याआधी आपल्या वहीत मुलाचा पत्ता उतरवून ठेवला होता. त्यावर त्यांनी कार्ड टाकलं. दहा वर्षांनी लिहिलेला मजकूर दोन शब्दांचा: कंबर किती?

मला राग आला. दुसरं काही लिहायला सुचलं नाही का या माणसाला? सहा आठवडे उत्तर नव्हतं. तरी ते माझ्या कमरेवर धावदोरा घालत राहिले. टाचण्या टोचायच्या.

सातव्या रविवारी दार उघडायच्या आधीच त्यांनी खिडकीतून कार्ड हलवलं. त्यावर एकच आकडा होता. अडतीस.

"अडतीस!" मास्टर खुर्चीत बसले. हसत होते की रडत होते, कळेना. "इथून गेला तेव्हा तीस होती. कुणीतरी त्याला नीट जेवायला घालतंय, लॅड."

"पण आता कापड पुरेल?"

"पुरेल. आठ वार आहे, त्याच्या पोटाला का नाही पुरणार? कापलेलं थोडंच आहे, दुमडलेलंच तर आहे." त्यांनी मला शेवटचा तो किल्ट नेसवून उभं केलं, कमरेवरचा धावदोरा ओढून काढला आणि कापड हातावर घेतलं. "आल्झो, तर मग तुझं काम संपलं. तुझी कंबर आता चालायची नाही."

मी हसलो. मनापासून आनंदही झाला. मग कोट चढवून ट्रॅममध्ये बसलो आणि लक्षात आलं, या देशात आल्यापासून माझ्या पाठीला कुणाचे हात लागले असतील, तर ते फक्त त्यांचेच.